माझदा एमएक्स-५ (पहिली पिढी): पॉप-अप दिव्यांभोवतीचा ट्रिम न तोडता कसा काढावा?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी,

मी इंग्लंडात कव्हेंट्रीला असतो. तीन वर्षांपूर्वी १९९१ची माझदा एमएक्स-५ घेतली. लाल रंग, १.६ लिटरचं इंजिन, दोन माणसांची गाडी. पुढचे दिवे बॉनेटमध्ये झोपलेले असतात आणि बटण दाबलं की डोळे उघडल्यासारखे वर येतात. दिवा वर आला की गोल काचेभोवती काळ्या प्लास्टिकची एक चौकट दिसते. इथे तिला बेझल किंवा सराउंड म्हणतात, मी पुढे ट्रिमच म्हणेन.

उजव्या बाजूचा ट्रिम खालच्या कोपऱ्यात तडकलाय. दिवे वर करून मोटरवेला लागलो की तो तुकडा थरथरतो, आवाज आत ऐकू येतो. डावा शाबूत आहे, पण पांढुरका पडलाय. बदलायचं ठरवलं आणि पहिल्याच स्क्रूला अडलो. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याने स्क्रू गंजून प्लास्टिकशी एकजीव झालेत. त्यातल्या एकाचं डोकं आधीच गोल झालंय. माझ्या आधीच्या मालकाने कुठल्याशा गॅरेजमध्ये बल्ब बदलून घेतला होता, तेव्हा कुणीतरी चुकीचा स्क्रू ड्रायव्हर लावून जोर केलेला दिसतो.

पुढच्या महिन्यात गाडीची एमओटी आहे (इथली वार्षिक तपासणी). त्यात दिव्याच्या झोताची दिशाही बघतात, म्हणून दिव्याची बैठक बिघडवायची नाही. तर प्रश्न असे:

गंजलेला स्क्रू प्लास्टिक न फोडता कसा सोडवावा? तडकलेला ट्रिम जोडून टिकतो का, की दुसरा शोधावा? आणि हे करताना झोताचं सेटिंग हलतं का?

फोटो संध्याकाळी टाकतो.

लाल_माती

वाचतेय. माझ्याकडे ही गाडी नाही, पण जुन्या गाडीचं प्लास्टिक हाताळताना प्रत्येक वेळी पोटात गोळा येतो तो ओळखीचा आहे. वाचनखूण साठवली.

फिटर_काका

कृष्णाकाठ, थांबा. स्क्रूला अजून हात लावू नका. तुमच्याकडे स्क्रू ड्रायव्हर कोणता आहे?

साधा 'फिलिप्स' असेल तर तो बाजूला ठेवा. जपानी गाड्यांवरचे चौफुलीचे स्क्रू दिसायला फिलिप्ससारखे, पण ते जेआयएस, म्हणजे जपानी मापाचे असतात. फिलिप्सचं टोक थोडं गोलसर असतं, ते जेआयएसच्या खाचेत तळापर्यंत बसतच नाही. वरच्यावर राहतं, जोर दिला की बाहेर उसळतं आणि जाताना खाचेच्या भिंती घासून जातं. तुमच्या त्या गोल झालेल्या डोक्याची कहाणी हीच असणार. पुष्कळ जेआयएस स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक ठिपका कोरलेला असतो. भिंग घेऊन बघा. ठिपका नसला तरी जपानी गाडी म्हटल्यावर जेआयएसच धरून चालायचं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. १९८५च्या सुमारास आपल्याकडे जपानी बनावटीच्या शंभर सीसी मोटरसायकली आल्या, तेव्हा मी पुण्यात गॅरेजला होतो. कार्ब्युरेटरच्या झाकणाचे स्क्रू आम्ही इतके खराब केले की मालक नाना पेठेतून डझनावारी नवीन आणायचे. सगळे म्हणायचे जपानी स्क्रू मऊ असतात. स्क्रू मऊ नव्हते, आमचा ड्रायव्हर चुकीचा होता. हे कळायला मला सहा वर्षं लागली.

व्हेसल या जपानी कंपनीचे ड्रायव्हर मिळतात. त्यांचा एक प्रकार असा आहे की मुठीवर हातोडी मारली की टोक किंचित फिरतं. दोन नंबरचा घ्या. पण प्लास्टिकवर हातोडी जपून, मागून लाकडाचा आधार द्यायचा.

मेलबर्नकर

काकांना +१. आमच्याकडे मिठाचा त्रास नाही, उन्हाचा आहे. इथल्या उन्हाने तीस वर्षांत हे प्लास्टिक बिस्किटासारखं होतं. स्क्रू लोण्यासारखे निघतात आणि ट्रिम हातात घेताच कोपरा गळून पडतो. माझा डावा असाच गेला. त्यातून शिकलेलं सांगतो:

थंडीत हे काम करू नका. इंग्लंडात आत्ता सकाळी पाच-सहा अंश असेल, त्या तापमानाला जुनं प्लास्टिक वाकत नाही, सरळ तुटतं. गाडी गॅरेजात घ्या आणि हेअर ड्रायरने ट्रिम सगळीकडून कोमट करा. हाताला ऊबदार लागेल इतकंच. पेंट काढायची हीट गन वापरलीत तर कडा वितळतील.

दुसरं म्हणजे दिवे वर उभे करा आणि मगच त्यांच्या मोटरीचा फ्यूज काढा. बॉनेटखालच्या फ्यूजच्या डब्यात तो वेगळा आहे. तुमची बोटं झाकण आणि बॉडीच्या फटीत असताना कुणी आत बसून दिव्याचं बटण फिरवलं तर मोटर थांबत नाही. बॅटरीच काढायची तर ती या गाडीत पुढे नाही, डिकीत आहे. नवीन मालक बॉनेट उघडून शोधत बसतात.

कृष्णाकाठ

काका, ठिपका आहे! चारी दिशांना टॉर्च मारून बघितला. माझ्याकडचा ड्रायव्हर फिलिप्सच निघाला. जेआयएस मागवलाय, परवा येईल.

मेलबर्नकर, फ्यूजचं बरं सांगितलंत. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे आणि दिवे वर-खाली करणं हा त्याचा सर्वांत आवडता खेळ आहे. फ्यूज आधी काढेन.

एक_वाचक

प्रामाणिकपणे विचारतो, राग मानू नका. एवढीशी चौकट, तीही दिवे मिटलेले असताना दिसत नाही. तिच्यासाठी इतकी यातायात का? चिकटपट्टी लावून भागणार नाही का?

कृष्णाकाठ

राग कसला. सुटा तुकडा वाऱ्याने निघून मागच्या गाडीच्या काचेवर गेला तर, हे पहिलं कारण. दुसरं असं की ही गाडी मी घेतली तीच या दिव्यांसाठी. सांगलीला शाळेत असताना एका परदेशी मासिकात या गाडीचा फोटो पाहिला होता, दिवे उघडलेला. तो मी वहीत चिकटवला होता. आता ती माझ्या दारात उभी आहे आणि तिचा डोळा फुटलेला मला बघवत नाही.

हिरोशिमा_मुक्काम

मी कामानिमित्त चार वर्षं हिरोशिमात आहे. ही गाडी इथेच, माझदाच्या उजिना कारखान्यात बनते. १९८९च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटर शोमध्ये ती पहिल्यांदा जगापुढे आली. जपानात ती 'युनोस रोडस्टर' नावाने विकली गेली. पॉप-अप दिवे फक्त पहिल्या पिढीला, १९९७पर्यंत. १९९८च्या दुसऱ्या पिढीपासून दिवे स्थिर झाले. त्यामुळे ट्रिम शोधताना 'एनए' हा सांकेतिक शब्द लिहूनच शोधा, नाहीतर भलतंच समोर येतं.

नाक इतकं उतरतं ठेवायचं आणि दिवा कायद्याने ठरवलेल्या किमान उंचीवरही हवा, या दोन्हींचा मेळ घालायचा तर दिवा उचलण्यावाचून मार्ग नव्हता. नुसत्या नखऱ्यासाठी ते केलेलं नाही. जाताजाता: मोठ्या प्रमाणावर बनणाऱ्या गाड्यांत पॉप-अप दिव्यांच्या शेवटच्या दोन, लोटस एस्प्री आणि शेव्हरले कॉर्व्हेटची पाचवी पिढी, २००४मध्ये संपल्या. तेव्हा या दिव्यांचे तुकडे आता नवीन कुणी सहज बनवेल अशी आशा धरू नका.

एक दिलासा आहे. माझदाने २०१७मध्ये जपानात या पहिल्या पिढीसाठी जीर्णोद्धाराची योजना जाहीर केली आणि काही सुटे भाग नव्याने बनवायला घेतले. कापडी छत, लाकडी नार्डी स्टिअरिंग, इतकंच काय मूळच्या १४ इंची चाकांसाठी ब्रिजस्टोनचे टायरसुद्धा. तुमचा भाग क्रमांक डीलरकडे एकदा विचारून घ्याच. नसेल तर भंगारातला मूळचा ट्रिम घ्या. फायबर ग्लासचे बाजारू ट्रिम मी जवळून पाहिलेत, भोकं जुळत नाहीत आणि झाकणाशी फट वेडीवाकडी येते.

जर्सी_शहर

भंगारातला घेताना एक खड्डा सांगतो, मी त्यात पडलोय. डावा आणि उजवा ट्रिम वेगळे असतात, एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा. मी अमेरिकेत आहे, इथे 'ड्रायव्हर साइड' म्हणजे डावी. इंग्लंडातल्या एकाकडून 'ड्रायव्हर साइड' म्हणून मागवला आणि त्याने त्याच्या हिशेबाने उजवा पाठवला. दोघंही आपापल्या जागी बरोबर! तुमच्याकडे 'ऑफसाइड' म्हणजे उजवी आणि 'नियरसाइड' म्हणजे फुटपाथकडची डावी. परदेशातून मागवलात तर 'गाडीत बसल्यावर उजव्या हाताची' असं सरळ लिहा.

आणि गंज सोडवायला ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल आणि ॲसिटोन मिसळून घालायचा घरगुती उपाय सगळीकडे वाचायला मिळतो. लोखंडावर तो उत्तम चालतो. पण ट्रिमजवळ ॲसिटोन नेऊ नका. एबीएस प्लास्टिक त्यात विरघळतं आणि गाडीच्या रंगालाही ते खातं. माझ्या बॉनेटच्या कडेवर अजून एक मळकट ओघळ आहे.

फिटर_काका

जर्सीकरांनी लाखमोलाचं सांगितलं. साधं पेनिट्रेटिंग ऑइल (गंजात झिरपणारं तेल) घ्या, तेही फवारायचं नाही. काडीच्या टोकाने एकेक थेंब स्क्रूच्या डोक्याभोवती आणि जमलं तर मागून आट्यांवर. रात्रभर मुरू द्या, सकाळी पुन्हा एक थेंब. काम शनिवारी करायचं असेल तर गुरुवारी रात्री तेल घाला. घाईत हेच गाळतात आणि मग तुटतं.

स्क्रू फिरवताना आधी आवळायच्या दिशेने किंचित दाब द्या, केसभर. गंजाचा थर तिथे मोडतो. मग सोडवायला घ्या. पाव फेरा सोडा, पुन्हा थोडा आवळा, पुन्हा सोडा. करकर आवाज आला तर थांबा आणि तेल घाला.

तरी हलला नाही तर सोल्डरिंगच्या इस्त्रीचं टोक फक्त स्क्रूच्या डोक्यावर टेकवा. अर्धा मिनिट, मग निवू द्या. लोखंड फुगतं आणि आकसतं, त्यात पकड सुटते. प्लास्टिकचा वास आला की लगेच उचला.

डोकं गोल झालेल्या स्क्रूला व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टचा ठिपका लावून ड्रायव्हर दाबायचा. पेस्टमधले कण दात धरतात. नाहीच जमलं तर डोकंच ड्रिलने उडवा. डोकं गेलं की ट्रिम वरून निघून येतो आणि उरलेला दांडा पकडीने फिरवता येतो. ट्रिम महत्त्वाचा, स्क्रू दोन रुपयांचा.

लाल_माती

काका, 'ट्रिम महत्त्वाचा, स्क्रू दोन रुपयांचा' हे मी आमच्या घरच्या मिक्सरलाही लावणार आहे.

जोडण्याबद्दल माझ्याकडून थोडं. मी प्लास्टिकच्या साच्यांच्या कारखान्यात काम करते. ट्रिम निघाला की मागची बाजू बघा. बाणांच्या दोन टोकांमध्ये प्लास्टिकची खूण कोरलेली असू शकते. एबीएस असेल तर चांगल्या दोन भागांच्या इपॉक्सीने किंवा एबीएसच्याच द्रावणाने जुळतं. पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन असेल तर बाजारातला कुठलाही साधा गोंद त्याला धरत नाही, दोन दिवसांनी पापुद्र्यासारखा सुटतो. त्याला गरम इस्त्रीने वितळवून सांधावं लागतं, आत स्टेनलेसची बारीक जाळी दाबून. रंग देतानाही पीपीवर आधी खास प्रायमर लागतो. खूण नसेल तर मागून सुरीने एक बारीक कपची काढून पाण्यात टाका. पीपी तरंगतं, एबीएस बुडतं.

तडा पुढे सरकू नये म्हणून त्याच्या शेवटच्या टोकाला दीड-दोन मिलिमीटरचं भोक पाडून घ्या आणि मग सांधा. हे न करता नुसतं चिकटवलं तर तडा सांध्याच्या पलीकडून पुन्हा निघतो.

मेलबर्नकर

तरंगायची युक्ती मला ठाऊक नव्हती. माझा तुटका कोपरा अजून डब्यात आहे, आजच बघतो.

कृष्णाकाठ

मंडळी, काल काम झालं. सविस्तर लिहितो.

योगायोगाने बाबा महिनाभर इथे आलेत. ते इचलकरंजीत यंत्रमागाचे जॉबर (माग जुळवणारे, दुरुस्त करणारे) होते, चाळीस वर्षं. काकांचा प्रतिसाद मी त्यांना वाचून दाखवला. 'आधी आवळ, मग सोड' हे ऐकल्यावर म्हणाले, "हा माणूस कामातला आहे." तेल घालायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. गुरुवारी रात्री, शुक्रवारी सकाळी, शुक्रवारी रात्री. कापसाच्या काडीने, प्रत्येक स्क्रूला मोजून.

शनिवारी दिवे वर केले, फ्यूज काढून खिशात ठेवला. हेअर ड्रायरने दहा मिनिटं ऊब दिली. उजव्या बाजूचे सगळे स्क्रू निघाले, त्या गोल डोक्याच्या एकाशिवाय. जेआयएस ड्रायव्हर खाचेत बसतो तेव्हा जो 'टक' जाणवतो तो शब्दांत सांगता येत नाही. फिलिप्स कधी असा बसलाच नव्हता. गोल डोक्याला ग्राइंडिंग पेस्ट लावली, दोनदा घसरला. बाबांनी ड्रायव्हर हातात घेतला, सगळं वजन त्यावर टाकलं आणि केसभर आवळला. 'कट्' असा आवाज आला. मला वाटलं प्लास्टिक गेलं. गंज मोडला होता. पुढे तो दोन बोटांनी फिरला.

ट्रिम निघाल्यावर आत दोन प्रकारचे स्क्रू दिसले, आणि इथे नवख्या माणसाची फसगत होऊ शकते म्हणून ठळकपणे लिहितो. काही छोटे स्क्रू दिव्याला धरून ठेवणाऱ्या धातूच्या कडीचे आहेत. स्प्रिंगसोबतचे लांब स्क्रू झोत वर-खाली आणि डावी-उजवीकडे वळवायचे आहेत. त्यांना हात लावायचा नाही. ट्रिम काढायला यातलं काहीच सोडवावं लागत नाही, तेव्हा सेटिंग आपोआप शाबूत राहतं. मी तरी लांब स्क्रूंच्या डोक्यांवर पांढऱ्या मार्करने रेघ मारून ठेवली.

मागे खूण सापडली नाही. कपची पाण्यात टाकली, बुडाली! बाबा आणि मुलगा दोघंही पेल्यात डोकं घालून बसले होते. तड्याच्या टोकाला भोक पाडलं, मागून इपॉक्सी आणि जाळीचा तुकडा लावला, चोवीस तास ठेवला. पुढून बोट फिरवलं तर रेघ जाणवते, दोन पावलांवरून दिसत नाही.

बसवताना नवीन स्क्रू स्टेनलेसचे घेतले, जुना सोबत नेऊन आटे जुळवून. आट्यांना किंचित ग्रीस लावलं. स्टेनलेस आणि साधं लोखंड एकत्र आलं आणि वर मिठाचं पाणी मिळालं की लोखंड लवकर गंजतं, म्हणून कोरडे बसवले नाहीत. सगळे स्क्रू आधी हाताने अर्धे लावले, ट्रिम हलवून मध्यावर आणला आणि मग एक इकडचा, एक तिकडचा असे घट्ट केले. फार आवळले नाहीत.

फ्यूज लगेच लावला नाही. दिव्याच्या मोटरवर रबरी टोपीखाली हाताने फिरवायची मूठ असते, तिने दिवा सावकाश खाली नेला. बरेच फेरे लागतात. अर्ध्यावर ट्रिमची वरची कड बॉडीला घासतेय असं दिसलं. स्क्रू ढिले करून दोन मिलिमीटर आत सरकवला. मोटरने केलं असतं तर जोडलेला कोपरा पुन्हा गेला असता.

जर्सी_शहर

मुठीची कल्पना फार आवडली. एमओटीआधी झोत घरी तपासलात का?

कृष्णाकाठ

हो. सपाट जागेवर भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी केली, टायरमधली हवा बरोबर करून आणि बाबांना ड्रायव्हरच्या जागी बसवून. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर आखली. एक टक्का उतार म्हणजे पाच मीटरवर पाच सेंटिमीटर खाली. इथल्या नियमात एवढ्या कमी उंचीच्या दिव्याला अर्धा ते दोन टक्के चालतो, म्हणजे अडीच ते दहा सेंटिमीटर. उजव्या झोताची वरची कड त्या रेघेच्या सहा सेंटिमीटर खाली, डाव्याची साडेपाच खाली आली. सेटिंग हललं नाही.

फिटर_काका

फार बरं वाटलं वाचून. वडिलांना माझा नमस्कार सांगा. जॉबर माणसाच्या हाताला लोखंड कुठे सुटणार ते आधी कळतं.

डाव्या बाजूचं काय केलंत? तो धड आहे म्हणून सोडू नका. तिथले स्क्रूही तितकेच जुने आहेत. बल्ब रस्त्यात गेला तर पावसात तुम्हाला तेच काढावे लागतील.

कृष्णाकाठ

नमस्कार सांगितला काका. ते म्हणाले, पुण्याला आलो की भेटायचं.

डाव्याला आज रात्री पहिलं तेल घातलंय. बाबा परत जायच्या आधीचा शनिवार त्यासाठी राखून ठेवलाय.